मिसकॅरेजनंतर हार्मोन टेस्ट : मी काय केलं आणि काय चुकलं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलले तसंच बहुतेक ठेवलंय. विषय मिसकॅरेजचा आहे. आज वाचवणार नसेल तर नंतरसाठी ठेवा, काही बिघडत नाही.)



बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर रात्री भांडी घासताना कानात इयरफोन घालून ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार. नेहमी मी इथे नोकरी, इंटरव्ह्यू, पगाराची बोलणी असल्या गोष्टींवर बोलते. आज बोलणार आहे ते मी वर्षभर कुणाशी नीट बोलले नव्हते.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी मूळची सांगलीकडची, बीटेक केलं, आता पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. वय २८. आणि डॉक्टर नाहीये मी, हे आधीच सांगून ठेवते. आज जे सांगणार आहे त्यातला अर्धा भाग माझ्या मूर्खपणाचा आहे आणि उरलेला अर्धा नंतर डॉक्टरांकडून आणि वाचून समजलेला.

तर. गेल्या वर्षी जूनमध्ये, दुपारी सव्वाचारला, टीमची मीटिंग चालू असताना माझ्या व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. 'फीमेल हार्मोन प्रोफाइल'. नाव माझं, वय माझं. दोन आकडे लाल रंगात. मी कॅमेरा बंद केला आणि तो रिपोर्ट पाच वेळा वाचला. त्या क्षणी मला वाटलं, सापडलं. बाळ का राहिलं नाही ते सापडलं.

मागचं सांगते. १४ मार्च ही माझी शेवटच्या पाळीची तारीख. ज्यांना दिवस गेलेत त्यांना माहीत असेल, ही तारीख पाठच होते. डॉक्टर विचारतात, सोनोग्राफीवाले विचारतात, ॲप विचारतं. एप्रिलमध्ये किटवर दोन रेषा आल्या. २९ एप्रिलला पहिली सोनोग्राफी झाली, सहा आठवडे चार दिवस. ठोके दिसले. स्क्रीनवर काहीतरी लुकलुकत होतं, माझा नवरा म्हणाला, "कर्सरसारखं दिसतंय." आम्ही दोघंही हसलो.

त्याच दिवशी डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल लिहून दिल्या, आधारासाठी म्हणून. रोज रात्री एक.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं मोठं रिलीज होतं. दोन रात्री मी पहाटे तीनपर्यंत जागी होते. त्या दोन रात्री कॅप्सूल घ्यायची राहिली. १२ आणि १३ मे. तारखा लक्षात आहेत.

१८ मेला पुढची सोनोग्राफी. नऊ आठवडे दोन दिवस. सोनोग्राफी करणाऱ्या बाई आधी बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. ठोके नव्हते. रिपोर्टवर लिहून आलं, 'मिस्ड ॲबॉर्शन'. वैद्यकीय भाषेत हाच शब्द वापरतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, मी काही केलं नाही हो, मग असं का लिहिलंय? त्या हॉस्पिटलमध्ये एवढंच सांगितलं, "होतं असं, पुन्हा ट्राय करा." चार मिनिटांत आम्ही बाहेर. २० मेला गोळ्या घेतल्या, घरीच. कंबरेतून जीव जातोय असं दुखलं. दहा दिवसांनी सोनोग्राफी केली, पिशवी साफ झाली होती, क्युरेटिंगची गरज पडली नाही.

ऑफिसात मी व्हायरल ताप सांगितला. तीन दिवस रजा घेतली आणि चौथ्या दिवशी पॅड लावून स्टँडअपला बसले. इथे जाता जाता एक सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. कायद्यात मिसकॅरेजनंतर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद आहे. डॉक्टरांचा कागद लागतो. एचआरला विचारायची लाज वाटू देऊ नका. मला वाटली, आणि त्याची किंमत मीच मोजली.

घरात जो तो आपल्या परीने वागत होता. सासूबाई साताऱ्याहून आल्या, माझ्या केसांना तेल लावलं, काही विचारलं नाही. आईने फोनवर एकदाच विचारलं, "पपई वगैरे काही खाल्ली नव्हतीस ना गं?" नवरा मुकाट्याने स्वयंपाक करायचा. आणि मी त्या दोन कॅप्सूलबद्दल कुणालाच सांगितलं नव्हतं. स्ट्रिपमध्ये दोन जास्त उरल्या होत्या. मी ती स्ट्रिप ऑफिसच्या बॅगेत, चार्जरच्या खणात लपवून ठेवली होती.

त्यात ॲप. मी डिलीट केलेलं, पण मेल चालूच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मेल आला, तुमचं बाळ आता लिंबाएवढं झालंय. मी मीटिंगरूममध्ये होते.

आता आमच्या कामाची एक सवय सांगते. प्रॉडक्शनमध्ये सिस्टिम पडली की नंतर आम्ही आरसीए लिहितो. मूळ कारण काय, कुठल्या क्षणी बिघडलं, कुणाच्या बदलामुळे बिघडलं. कारण मिळेपर्यंत तिकीट बंद होत नाही. माझ्या डोक्यात हे तिकीट उघडंच होतं. आणि खरं सांगू? मला कारण शोधायचं नव्हतं. मला हे जाणून घ्यायचं होतं की मी केलं का.

म्हणून ११ जूनला मी टेस्ट बुक केल्या. फोनवरून, कुणालाही न सांगता. आपल्याकडे हे फार सोपं आहे. डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागत नाही, पॅकेज निवडा, पैसे भरा, सकाळी माणूस घरी. माझ्या पॅकेजमध्ये सात टेस्ट होत्या : एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच आणि एएमएच. नवरा जिमला गेलेला असतो ती वेळ निवडली, पावणेसात. खासगी लॅब म्हणजे काय ते मला त्या दिवशी दोन्ही अर्थांनी समजलं.

रक्त घ्यायला आलेला मुलगा विशीतला असेल. फॉर्म भरताना जरा अवघडून म्हणाला, "मॅडम, एलएमपी?" शेवटच्या पाळीची तारीख. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "१४ मार्च." त्याने लिहून घेतलं. मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नाही.

दुपारी रिपोर्ट आला. प्रोलॅक्टिन ४२, लाल. टीएसएच ४.९, लाल. एएमएच १.६, लाल नाही, पण गूगल केल्यावर घाबरायला पुरेसं. आणि प्रोजेस्टेरॉन ०.३.

प्रोजेस्टेरॉनच्या पुढे रिपोर्टमध्ये एकच मर्यादा नसते. पाळीच्या पहिल्या टप्प्याची वेगळी, दुसऱ्या टप्प्याची वेगळी, गरोदरपणाची वेगळी. मी हिशेब केला. २० मेला रक्तस्राव सुरू झाला, तो पहिला दिवस धरला, तर ११ जून म्हणजे तेविसावा दिवस. म्हणजे पाळीचा दुसरा टप्पा. त्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन भरपूर वर असायला हवं. माझं ०.३.

झालं. प्रोजेस्टेरॉन कमी. आणि मी दोन कॅप्सूल चुकवल्या होत्या. मी शीट उघडलं, कारणाच्या रकान्यात लिहिलं : मी.

त्या रात्री मी बॅगेतली ती स्ट्रिप बाहेर काढली. उरलेल्या कॅप्सूल आता आपल्याआपणच सुरू कराव्यात का, याचा मी गंभीरपणे विचार करत होते. शिकलेली बाई, बीटेक फर्स्ट क्लास. बाथरूमच्या स्टुलावर बसून, हातात औषध.

घेतलं नाही. धैर्य म्हणून नव्हे, बाहेरून नवऱ्याने दार वाजवलं म्हणून.

दोन दिवसांनी मी अंघोळीला गेले असताना माझा फोन वाजला, नवऱ्याने उचलला. पलीकडून गोड आवाज : मॅडमचा एएमएच थोडा लो आलाय, आमच्याकडे फर्टिलिटीचं फ्री कन्सल्टेशन आहे. माझा रिपोर्ट त्यांच्यापर्यंत कसा गेला, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. बुकिंग करताना कुठल्या चौकोनावर टिक केली होती ते मी तरी कुठे वाचलं होतं?

बाहेर आले तर तो खाटेवर बसलेला. म्हणाला, "कसली टेस्ट? मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुला काय सांगणार?"

मग सगळं सांगितलं. कॅप्सूल, स्ट्रिप, शीट. मला वाटलं तो चिडेल. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "वाकडच्या पुलाखालच्या त्या खड्ड्यात गाडी मी घातली होती. ३० एप्रिलला. तू मागे बसली होतीस. मला रोज रात्री तेच दिसतं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. महिनाभर एकाच घरात दोन माणसं आपापला गुन्हा लपवून बसली होती. आणि नंतर समजलं की तिसरं माणूसही होतं. सासूबाईंनी एप्रिलमध्ये तिळाचे लाडू पाठवले होते, तेव्हा त्यांना बातमी माहीत नव्हती. तीळ उष्ण. त्याही तेच मनात घेऊन तेल लावत होत्या.

१५ जूनला आम्ही दोघं एका वेगळ्या डॉक्टरांकडे गेलो. साठीच्या बाई. मी सगळी फाइल पुढे ठेवली आणि हार्मोनचा रिपोर्ट सगळ्यात वर. त्यांनी तो उचलला, एलएमपीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "१४ मार्च ही तारीख तू दिलीस?"

मी हो म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की मी काय सांगितलं होतं. ११ जूनच्या सकाळीही मी स्वतःला गरोदरच धरून चालले होते. मला तिथे रडू आलं, महिन्यात पहिल्यांदा कुणासमोर.

डॉक्टरांनी पाणी दिलं, मग एकेक आकडा घेतला. तेच तुम्हाला सांगते.

पहिलं, प्रोजेस्टेरॉन. ते अंडाशयातून बीज बाहेर पडल्यानंतर वाढतं, त्याआधी कमीच असतं. त्या म्हणाल्या, "गोळ्यांनंतर सुरू झालेला रक्तस्राव म्हणजे पाळी नव्हे गं. तिथून दिवस मोजून चालत नाही. बीज तयार व्हायला आधी गरोदरपणाचं हार्मोन उतरावं लागतं." त्या हार्मोनचं नाव बीटा एचसीजी. आणि गंमत बघा, सात टेस्टच्या माझ्या पॅकेजमध्ये तेवढीच टेस्ट नव्हती. त्यांनी ती करवली. आली ३८. म्हणजे शरीर अजून मागच्या गरोदरपणातून बाहेरच येत होतं. दहा दिवसांनी पुन्हा केली, पाचच्या खाली आली. ती खाली येणं महत्त्वाचं, कारण उतरत नसेल तर आत काही राहिलंय का, दुसरं काही आहे का, ते बघावं लागतं. तर माझं ०.३ हे त्या दिवशी अगदी योग्य होतं. बीजच सुटलेलं नव्हतं, तर प्रोजेस्टेरॉन येणार कुठून?

दुसरं, प्रोलॅक्टिन. त्यांनी विचारलं, "कोणती औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, काही नाही. "ॲसिडिटीची कॅप्सूल?" ती तर रोज सकाळी, ऑफिसात सगळेच घेतात! त्यात पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असतं, आणि डॉम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढतं. शिवाय प्रोलॅक्टिन झोपेत वाढलेलं असतं, उठल्यावर हळूहळू उतरतं. मी उठल्या उठल्या अर्ध्या तासात, रात्रभर तळमळून रक्त दिलं होतं. ती कॅप्सूल त्यांच्या सांगण्यावरून बंद केली. जुलैत पुन्हा तपासलं, सकाळी उशिरा, शांत बसून. १७. मेंदूच्या एमआरआयपर्यंत गूगलने मला पोचवलं होतं, ते प्रकरण एका ॲसिडिटीच्या कॅप्सूलवर संपलं.

तिसरं, एएमएच. अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती, याचा अंदाज देणारं हे हार्मोन. आयव्हीएफमध्ये औषधाचा डोस ठरवायला त्याचा चांगला उपयोग होतो. पण आपोआप दिवस राहतील का, हे त्यावरून सांगता येत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या. एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. ही गोष्ट त्या गोड आवाजाने सांगितली नव्हती.

चौथं, टीएसएच, थायरॉइड. हे मात्र खरं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता लगेच निष्कर्ष नको, सहा आठवड्यांनी पुन्हा, सोबत फ्री टी-फोर आणि थायरॉइडच्या अँटिबॉडी. पुन्हा ४.६ आलं, बाकी नॉर्मल. पुढच्या गरोदरपणाचा विचार करून त्यांनी २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली, रोज सकाळी उपाशीपोटी. म्हणजे टेस्ट करून काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. सातातली एक उपयोगी पडली. पण थायरॉइडमुळेच मिसकॅरेज झालं का, असं विचारल्यावर त्या सरळ म्हणाल्या, "तसं मी म्हणणार नाही. एवढ्याशा वाढीवर खापर फोडता येत नाही."

आणि मग मी विचारलं. ज्यासाठी हा सगळा उद्योग केला होता ते. मी ती स्ट्रिप टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "डॉक्टर, मी दोन कॅप्सूल चुकवल्या. १२ आणि १३ मे."

त्यांनी हार्मोनचा रिपोर्ट बाजूला सारला आणि फाइलमधून १८ मेची सोनोग्राफी काढली. माझ्याकडे महिनाभर पडून असलेला कागद. त्यात गर्भाची लांबी लिहिलेली असते आणि त्यावरून वय. माझ्या हातात पेन दिलं, म्हणाल्या, "इंजिनिअर आहेस ना, तूच मांड."

मी मांडलं. २९ एप्रिलच्या सोनोग्राफीत वय तारखेशी बरोबर जुळत होतं, सहा आठवडे चार दिवस. १८ मेला असायला हवं होतं नऊ आठवडे दोन दिवस. होतं किती? सात आठवडे एक दिवस. म्हणजे वाढ थांबली साधारण ३ मेच्या सुमाराला. कॅप्सूल चुकली १२ मेला. ठोके थांबून आठवडा उलटून गेल्यावर.

मंडळी, मी रोज लॉगच्या तारखा बघून पोट भरते. आणि स्वतःच्या बाबतीत मला हे एकदाही सुचलं नाही. उत्तर जुन्या फाइलमध्ये होतं आणि मी ते नव्या रक्तात शोधत होते.

नवऱ्याने हळूच विचारलं, "आणि खड्डा?" डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, "नाही रे. इतक्या लवकरच्या दिवसांत गर्भ ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतो. गाडीच्या धक्क्याने जात नाही. लाडवानेही नाही, पपईच्या फोडीनेही नाही."

मग कशाने? पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ टिकत नाहीत, त्यातल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची गडबड असते. बहुतेक वेळा ती अगदी सुरुवातीला, योगायोगाने झालेली असते. कुणाच्या वागण्याने नाही. माझ्या बाबतीत तेच होतं का, हे आता समजणार नाही, कारण त्या ऊतींची तपासणी झाली नव्हती. आणि महिनाभराने घेतलेलं हार्मोनचं रक्त तर ते कधीच सांगू शकत नाही. मी बंद पडलेल्या सर्व्हरचं कारण रीस्टार्टनंतरच्या लॉगमध्ये शोधत होते.

नंतर मी बरंच वाचलं. ज्यांच्या मनात माझ्यासारखीच चुकलेली गोळी असेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये एक मोठी चाचणी झाली, प्रॉमिस नावाची, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. वारंवार मिसकॅरेज झालेल्या ८३६ बायका. अर्ध्यांना प्रोजेस्टेरॉन, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली कॅप्सूल. दोन्ही गटांत जवळपास सारखाच निकाल, साधारण दर तिघींपैकी दोघींना बाळ झालं. म्हणजे बिनऔषधाच्या गटातही! वारंवार झालेल्या बायकांमध्येसुद्धा. हे वाचून मी किचनमध्ये जाऊन नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

पण प्रोजेस्टेरॉन निरुपयोगी आहे असंही समजू नका. त्यानंतरची चाचणी प्रिझम, २०१९ ची, चार हजारांवर बायका. आधी मिसकॅरेज झालेलं आहे आणि या वेळी सुरुवातीलाच अंगावरून रक्त जातंय, अशांना फायदा होतो असं त्यातून दिसलं, आणि ब्रिटनमध्ये आता तसं औषध देतात. म्हणून पुढच्या वेळी रक्त दिसलं तर लॅबला नाही, डॉक्टरांना फोन. आणि दिलेलं औषध स्वतःहून बंदही करू नका.

आता तुमच्यापैकी कुणी आत्ता त्या ॲपवर बोट ठेवून बसलं असेल, तर ऐक. टेस्ट करू नकोस असं मी सांगणार नाही. चार मिनिटांत बाहेर काढलं की माणूस कुठेतरी जाणारच. पण पैसे भरायच्या आधी एवढं बघ.

एक, बीटा एचसीजी उतरलंय का आणि खरी पाळी आली का. त्याआधीच्या बहुतेक हार्मोनच्या आकड्यांना अर्थ नाही. एफएसएच, एलएच साधारण पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात. प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी. एकाच सकाळी एकाच सुईने सगळ्याचं उत्तर मिळत नाही.

दोन, चालू असलेलं प्रत्येक औषध लिहून दे, अगदी ॲसिडिटीचं आणि केसांचंसुद्धा. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने थायरॉइडच्या काही टेस्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

तीन, रिपोर्ट वाचणारा माणूस आधी ठरव, मग टेस्ट. रिपोर्ट आल्यावर माणूस शोधायला गेलं की जो पहिला फोन करेल तो सापडतो.

चार, ही दुसरी किंवा तिसरी वेळ असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नीट तपासणी हवीच. पण तीही या पॅकेजसारखी नसते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या एश्रे या संघटनेच्या २०२२ साली सुधारलेल्या सूचनांमध्ये वारंवार मिसकॅरेजसाठी थायरॉइडची तपासणी सुचवली आहे, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी सुचवल्या आहेत, गर्भपिशवीची रचना बघायला सांगितलं आहे. लक्षणं नसताना प्रोलॅक्टिन, किंवा सरसकट एएमएच, एलएच यांची शिफारस त्यात नाही. म्हणजे माझ्या पॅकेजमधलं बरंचसं तिथेही बसत नव्हतं. अँटिफॉस्फोलिपिडची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात, एका कागदावर घाबरून जायचं नाही.

आणि पाच, हे टेस्टबद्दल नाही. तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि असं दोन तास चाललंय, ताप आहे, चक्कर येतेय, पोटात असह्य दुखतंय, तर लॅब, गूगल, पॉडकास्ट सगळं सोडून थेट हॉस्पिटल.

मन जड असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी एका रात्री अडीचला लावला होता. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, बोलू दिलं.

शेवटचं. जगभरात दरवर्षी अंदाजे २ कोटी ३० लाख मिसकॅरेज होतात. लॅन्सेट या नियतकालिकाने २०२१ मध्ये हा आकडा दिला होता. साधारण दर सातातलं एक गरोदरपण. तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर, तुमच्या सोसायटीत, हा एपिसोड ऐकणाऱ्यांत त्या बायका आहेत आणि त्यांचे नवरेही. सगळे आपापली स्ट्रिप चार्जरच्या खणात लपवून बसलेले. ती आधी घरातल्या एका माणसाला दाखवा. आमच्याकडे ती टेबलावर आल्यावर खड्डा बाहेर आला, लाडू बाहेर आले, आणि सासूबाई फोनवर रडून झाल्यावर म्हणाल्या, "आता संक्रांतीला परत करून पाठवू का गं?" मी म्हटलं, "आई, पाठवा. डबा भरून पाठवा."

ते शीट अजून आहे माझ्याकडे. कारणाच्या रकान्यातलं 'मी' खोडलंय. तिथे दुसरं काही लिहिलेलं नाही, तो रकाना रिकामाच आहे. आमच्या कामात असं तिकीट बंद करता येत नाही. हे मी केलं.

काळजी घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तेव्हा परत पगाराबद्दल बोलू.